संकलक स्थापनेची पूर्वतयारी

संकलक स्थापनेची पूर्वतयारी म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेचा संकलक अर्थात कंपायलर संगणकावर बसवण्याआधी त्या संगणकाची तपासणी करणे, लागणारी साधने जुळवणे आणि आंतरजालावरून उतरवलेल्या फाइलींची पडताळणी करणे होय. संकलक ही मानवाला वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेल्या मूळ संहितेचे, म्हणजेच सोर्स कोडचे, यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली आहे. सी, सी++, फोर्ट्रान, गो, रस्ट इत्यादी भाषांमध्ये काम करण्यासाठी संकलक आवश्यक असतो.

इतर बहुतेक आज्ञावल्या केवळ वापरायच्या असतात. संकलक मात्र पुढच्या आज्ञावल्या घडवतो. त्यामुळे त्याच्या स्थापनेत राहिलेली उणीव त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही, तर त्याने घडवलेल्या प्रत्येक आज्ञावलीत उतरू शकते. नवा संकलक नेहमी संगणकावर आधीपासून असलेल्या साधनांच्या आधाराने उभा राहतो. म्हणूनच आपण नेमक्या कशावर विसंबत आहोत, हे स्थापनेपूर्वीच जाणून घेणे हा या पूर्वतयारीचा गाभा होय. या लेखात मुख्यतः जीएनयू कंपायलर कलेक्शन अर्थात जीसीसी या संकलक-समूहाचे उदाहरण घेतले आहे.

== पार्श्वभूमी ==

ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास तयार केलेल्या ए-० या प्रणालीचा उल्लेख संकलकाच्या इतिहासात आरंभी केला जातो. तथापि तिचे कार्य आजच्या परिभाषेत आज्ञावलीचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरच्या अधिक जवळचे होते. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीतील गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेला फोर्ट्रानचा संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिस्प भाषेचा संकलक लिस्प भाषेतच लिहिला गेला. संकलक ज्या भाषेसाठी आहे त्याच भाषेत लिहिण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

या पद्धतीमुळे एक पेच निर्माण होतो. सी++ मध्ये लिहिलेल्या संकलकाची मूळ संहिता यंत्रभाषेत आणण्यासाठी सी++ चा संकलक आधीच हाताशी असावा लागतो. भारतीय तर्कपरंपरेत ज्याला बीजांकुरन्याय म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. घरगुती दाखला द्यायचा तर दही लावण्यासाठी आधीच्या दह्याचे विरजण लागते, तसे संकलक बांधण्यासाठी आधीचा संकलक लागतो. या प्रक्रियेस संगणकशास्त्रात बूटस्ट्रॅपिंग असे नाव आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली चाचणी आवृत्ती २२ मार्च १९८७ रोजी प्रसृत केली. त्या वेळी तो केवळ सी भाषेचा संकलक होता. पुढे अन्य भाषांची भर पडत गेली आणि १९९९ मध्ये 'जीएनयू सी कंपायलर' या नावाऐवजी 'जीएनयू कंपायलर कलेक्शन' हे नाव स्वीकारण्यात आले. लागणाऱ्या विरजणाची अटही काळाबरोबर बदलत गेली. जीसीसीच्या ४.८ पूर्वीच्या आवृत्त्या सी भाषेच्या संकलकाने बांधता येत असत. ४.८ पासून सी++ चा संकलक आवश्यक झाला. ११ व्या आवृत्तीने सी++११ या प्रमाणाची अट घातली आणि त्यानंतर ही अट आणखी पुढे सरकली आहे. त्यामुळे फार जुन्या संगणकावर एकदम नवी आवृत्ती बांधता येत नाही. आधी मधली एखादी आवृत्ती बांधून, तिच्या साहाय्याने पुढची बांधावी लागते.

अन्य भाषांतही हेच दिसते. गो भाषेचा संकलक १.४ या आवृत्तीपर्यंत सी मध्ये लिहिलेला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या १.५ पासून तो गो भाषेतच आहे. गो १.२० बांधण्यासाठी किमान गो १.१७, तर गो १.२२ बांधण्यासाठी किमान गो १.२० लागतो. रस्टचा पहिला संकलक ओकॅमल भाषेत लिहिलेला होता. २०११ मध्ये रस्टमध्ये लिहिलेला संकलक स्वतःचे संकलन करू लागला.

== स्थापनेचे दोन मार्ग ==

पूर्वतयारी किती करावी लागेल हे निवडलेल्या मार्गावर अवलंबून असते.

पहिला मार्ग तयार पॅकेजचा आहे. यात संकलक आधीच यंत्रभाषेत रूपांतरित झालेला असतो व त्याच्या सोबतीची साधने संचालन प्रणालीचा पॅकेज व्यवस्थापक आपोआप आणतो. डेबियन व उबुंटू या लिनक्स वितरणांत यासाठी 'बिल्ड-इसेन्शियल', आर्च लिनक्समध्ये 'बेस-डेव्हेल', अल्पाइनमध्ये 'बिल्ड-बेस' आणि फेडोरात 'डेव्हलपमेंट टूल्स' हा समूह आहे. मॅकओएसवर एक्सकोडची 'कमांड लाइन टूल्स' बसवली जातात. तेथे 'जीसीसी' ही आज्ञा दिल्यास प्रत्यक्षात क्लँग हा निराळा संकलक चालतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओची 'बिल्ड टूल्स' किंवा एमएसवायएस२ या संचातील जीसीसी असे पर्याय आहेत. विंडोजवर रस्ट बसवतानाही यांपैकी एका पर्यायाची गरज पडते, कारण रस्टचा संकलक अंतिम जोडणीसाठी अशा संचातील लिंकरवर विसंबून असतो.

दुसरा मार्ग मूळ संहितेपासून संकलक स्वतः बांधण्याचा आहे. वितरणात उपलब्ध नसलेली नवी आवृत्ती हवी असणे, सूक्ष्म-नियंत्रकासारख्या निराळ्या यंत्रासाठी आज्ञावल्या घडवणारा संकलक हवा असणे किंवा संकलकाचा अभ्यास करणे ही त्याची नेहमीची कारणे होत. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी पहिला मार्ग पुरेसा असतो. पुढील विवेचन प्रामुख्याने दुसऱ्या मार्गाला लागू आहे. मात्र जागा, घड्याळ, फोल्डरची नावे आणि पडताळणी यांविषयीचे भाग दोन्ही मार्गांना सारखेच उपयोगी आहेत.

== प्रणालीची ओळख ==

प्रथम प्रक्रियकाची रचना, संचालन प्रणाली व तिची आवृत्ती यांची नोंद केली जाते. ३२ बिटांच्या प्रक्रियकासाठीचे पॅकेज ६४ बिटांच्या संगणकावर अनेकदा चालते. उलट मात्र होत नाही. एआरएम आणि एक्स८६ या घराण्यांच्या यंत्रभाषा भिन्न असल्याने एकाचे पॅकेज दुसऱ्यावर थेट चालत नाही. लिनक्समध्ये 'युनेम' या आज्ञेने ही माहिती मिळते.

मूळ संहितेपासून बांधणी करताना तीन यंत्रांमध्ये भेद केला जातो: ज्या यंत्रावर संकलक बांधला जातो ते, ज्या यंत्रावर तो चालणार आहे ते आणि ज्या यंत्रासाठी तो आज्ञावल्या घडवणार आहे ते. तिन्ही एकच असतील तर त्यास स्वदेशी संकलक म्हणता येईल. पहिली दोन एक आणि तिसरे भिन्न असेल, तर तो क्रॉस-कंपायलर होय.

यानंतर संगणकावर आधीपासून कोणता संकलक आहे आणि त्याची आवृत्ती कोणती आहे, हे पाहिले जाते. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या ग्रंथ-प्रकल्पात वाचकाला संपूर्ण लिनक्स प्रणाली मूळ संहितेपासून बांधायला शिकवले जाते. त्यात बांधणीच्या आरंभीच चालवण्यासाठी एक छोटी तपासणी-आज्ञावली दिलेली आहे. ती बॅश, बिनयुटिल्स, बायसन, जीसीसी, मेक, पर्ल, पायथन इत्यादींच्या आवृत्त्या किमान अटींशी ताडून पाहते.

== जागा, रॅम आणि घड्याळ ==

संकलकाची बांधणी ही संगणकाकडून बरेच काम करून घेणारी प्रक्रिया आहे. एलएलव्हीएम आणि क्लँग यांच्या पूर्ण बांधणीसाठी त्या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत सुमारे १५ ते २० गिगाबाइट जागेचा अंदाज दिलेला आहे. जीसीसीच्या नेहमीच्या बांधणीत संकलक तीनदा बांधला जातो. पहिल्या टप्प्यात जुना संकलक नव्याला बांधतो. दुसऱ्या टप्प्यात हा नवा संकलक स्वतःलाच बांधतो. तिसऱ्या टप्प्यात दुसऱ्या टप्प्यातील संकलक पुन्हा तेच करतो. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील फलित तंतोतंत सारखे आले तरच बांधणी यशस्वी मानली जाते. या तीन आवर्तनांमुळे वेळ व जागा दोन्ही अधिक लागतात.

रॅम अपुरी असेल तर लिनक्सचा गाभा सर्वाधिक मेमरी वापरणारी प्रक्रिया मध्येच संपुष्टात आणतो. पडद्यावर केवळ प्रक्रिया मारली गेल्याचा संदेश येतो आणि संकलकातच दोष असल्याचा गैरसमज होतो. 'मेक' या साधनाला एकाच वेळी किती कामे करायची हे सांगता येते. प्रक्रियकात आठ गाभे आहेत म्हणून आठ कामे सुरू करणे नेहमीच हितावह नसते. रॅम कमी असल्यास कामांची संख्या घटवणे किंवा स्वॅपची जागा वाढवणे हे उपाय आहेत.

घड्याळाकडे सहसा दुर्लक्ष होते. कोणती फाइल पुन्हा संकलित करावी हे 'मेक' फाइलींवरील वेळेच्या नोंदीवरून ठरवते. जुन्या संगणकातील मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे पडते. फाइली भविष्यकाळातील भासू लागतात आणि बांधणी अर्धवट होते किंवा पुन्हा पुन्हा तेच काम करत राहते. घड्याळ फार चुकले असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही अवैध ठरतात व फाइली उतरवताच येत नाहीत. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या संगणकांत बॅटरीवर चालणारे घड्याळ अंगभूत नव्हते. तेथे आंतरजालावरून वेळ जुळल्याची खात्री आधी करावी लागते.

== सोबतीची साधने आणि लायब्ररी ==

संकलक एकटा काम करत नाही. त्याने तयार केलेल्या असेंब्ली संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेंब्लर आणि सर्व तुकडे एकत्र जोडणारा लिंकर त्याला लागतात. जीएनयू प्रणालीत ही दोन्ही साधने 'बिनयुटिल्स' या पॅकेजमध्ये असतात. याखेरीज मेक, ऑक, टार, जीझिप अथवा एक्सझेड आणि पॉझिक्स प्रमाणाशी सुसंगत शेल आवश्यक असते.

जीसीसीला गणिती कार्यासाठी तीन लायब्ररी लागतात: पूर्णांकांसाठी जीएमपी, अपूर्णांकांसाठी एमपीएफआर आणि संमिश्र संख्यांसाठी एमपीसी. यांच्या किमान आवृत्त्या अनुक्रमे ४.३.२, ३.१.० आणि १.०.१ अशा आहेत. संहितेत एखादे आकडेमोडीचे पद स्थिर असेल, तर त्याचे उत्तर संकलक संकलनाच्या वेळीच काढून ठेवतो. हे उत्तर बांधणी करणाऱ्या यंत्राच्या गणिती मर्यादांवर अवलंबून राहू नये, यासाठी या लायब्ररी वापरल्या जातात. एमपीएफआर ही जीएमपीवर आणि एमपीसी या दोहोंवर आधारलेली असल्याने त्या याच क्रमाने बसवाव्या लागतात. जीसीसीच्या मूळ संहितेसोबत या लायब्ररी उतरवून योग्य जागी ठेवणारी आज्ञावलीही दिलेली असते.

येथे नवशिक्यांची नेहमी गफलत होते. लायब्ररी संगणकावर आहे, तरीही ती सापडत नसल्याचा संदेश येतो. याचे कारण असे की, आज्ञावल्या चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी आणि आज्ञावल्या बांधण्यासाठी लागणाऱ्या तिच्या हेडर फाइली ही अनेक वितरणांत निरनिराळी पॅकेजे असतात. डेबियन कुळात अशा पॅकेजच्या नावापुढे 'डेव्ह', तर फेडोरा कुळात 'डेव्हेल' असा प्रत्यय असतो.

प्रणालीची मूळ सी लायब्ररी मात्र या तयारीच्या भरात हाताने बदलू नये. लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली तिच्यावर अवलंबून असते. ती बिघडल्यास फाइलींची यादी दाखवण्यासारखी साधी आज्ञाही चालेनाशी होते आणि दुरुस्तीची साधनेही त्याच बिघाडात सापडतात.

== फोल्डर, नावे आणि परिवेश-चल ==

जीसीसीच्या मार्गदर्शिकेत मूळ संहितेचा फोल्डर आणि बांधणीचा फोल्डर पूर्णतः वेगळे ठेवण्याची शिफारस आहे. यामुळे बांधणी फसल्यास बांधणीचा फोल्डर पुसून टाकता येतो आणि मूळ संहिता अस्पर्श राहते. बांधणीचा फोल्डर ज्या डिस्क-विभागावर आहे, तेथे आज्ञावल्या चालवण्यास मुभा असावी लागते. काही सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलींच्या विभागावर ही मुभा नसते व प्राथमिक चाचण्याच अयशस्वी होतात.

फोल्डरच्या पूर्ण मार्गात रिकामी जागा असू नये, कारण 'मेक' रिकाम्या जागेला दोन नावांमधील सीमा समजते. विंडोजवर वापरकर्त्याच्या नाव-आडनावावरून फोल्डर तयार झाल्यास ही अडचण उद्भवते.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने देवनागरी नावांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आधुनिक संचालन प्रणाली देवनागरी नावे उत्तम प्रकारे हाताळतात. परंतु विंडोजवरील कित्येक जुनी बांधणी-साधने युनिकोडपूर्व संकेतसारणीवर चालतात. विंडोजमध्ये मराठीसाठी अशी जुनी संकेतसारणी अस्तित्वातच नाही. परिणामी वापरकर्त्याचा फोल्डर देवनागरीत असल्यास अशा साधनाला तो उघडता येत नाही. लिनक्सवर ही अडचण नाही, तथापि तेथे फाइलीच्या नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'संगणक' या शब्दातील अनुस्वारासह पाच चिन्हांना १५ बाइट लागतात. २५५ बाइटच्या नेहमीच्या मर्यादेत त्यामुळे ८५ च देवनागरी चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही त्यात स्वतंत्र मोजली जातात. यास्तव संहितेच्या आत मराठी मजकूर मोकळेपणाने लिहावा, बांधणीच्या फोल्डरचे नाव मात्र आखूड आणि रोमन लिपीत ठेवावे, हे सोयीचे ठरते.

परिवेश-चल म्हणजे शेलमध्ये साठवलेल्या आणि सर्व आज्ञावल्यांना उपलब्ध असणाऱ्या नोंदी. आज्ञा कोठे शोधाव्यात, हेडर फाइली कोठे आहेत, लायब्ररी कोठे आहेत हे त्यांवरून ठरते. पूर्वीच्या एखाद्या प्रयोगातील नोंद शिल्लक असेल, तर नवा संकलक अजाणता जुन्या लायब्ररीशी जोडला जातो. लायब्ररींच्या शोधमार्गात चालू फोल्डरचा समावेश असल्यास जीसीसीची बांधणी आरंभीच थांबते. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' मध्ये यासाठी एक नवा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता निर्माण करून अगदी कोऱ्या परिवेशात काम केले जाते. या पद्धतीचा दुसरा लाभ असा की, एखादी आज्ञा चुकली तरी मुख्य प्रणालीला धक्का लागत नाही.

नवा संकलक जुन्याच्या जागी न बसवता स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवणे इष्ट होय. जुना संकलक हे विरजण आहे; नव्याची खात्री पटेपर्यंत ते जपून ठेवावे लागते.

== उतरवलेल्या फाइलींची पडताळणी ==

संकलक अधिकृत स्थळावरूनच उतरवणे आणि त्याचा चेकसम व डिजिटल स्वाक्षरी तपासणे हा पूर्वतयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. चेकसम जुळल्यास फाइल वाटेत बिघडलेली नाही, हे कळते. स्वाक्षरी जुळल्यास ती फाइल संबंधित किल्लीधारकानेच प्रसृत केली आहे, हे कळते. जीएनयू प्रकल्प आपल्या फाइलींसोबत अशा स्वाक्षऱ्या उपलब्ध करून देतो.

या तपासणीचे महत्त्व २०१५ मधील एक्सकोडघोस्ट प्रकरणाने अधोरेखित केले. चीनमध्ये अधिकृत स्थळावरून एक्सकोड उतरवण्यास फार वेळ लागत असल्याने अनेक विकासकांनी तो अन्य फाइल-वाटप सेवेवरून घेतला. तेथील काही प्रतींत फेरफार केलेला होता. त्या प्रतींनी बांधलेल्या अ‍ॅपमध्ये विकासकांच्या नकळत घातक संहिता मिसळली गेली आणि वीचॅटसारख्या लोकप्रिय अ‍ॅपची एक आवृत्तीही बाधित झाली. विकासकांची स्वतःची मूळ संहिता निर्दोष होती. दोष ती घडवणाऱ्या साधनात होता.

मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. फाइली संकुचित करणाऱ्या या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा दरवाजा घातलेला आढळला. त्याला कार्यान्वित करणारा बांधणी-संहितेतील भाग सार्वजनिक संहिता-संग्रहात नव्हता. तो केवळ वाटपासाठी तयार केलेल्या संचात होता. संच प्रकल्पाच्या अधिकृत व्यवस्थापकाकडूनच आलेला असल्याने स्वाक्षरी तपासूनही ही फसवणूक कळली नसती. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे एका अभियंत्याच्या ध्यानात आल्याने ती उजेडात आली. स्वाक्षरीवरून फाइल कोणाची हे कळते, तिच्या हेतूची हमी मिळत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

== अखेरची चाचणी ==

तयारी पूर्ण झाल्यावर, बांधणी सुरू करण्यापूर्वी, आधीच्या संकलकाने एक अगदी लहान आज्ञावली संकलित करून चालवून पाहिली जाते. एवढ्याने संकलक, असेंब्लर, लिंकर, हेडर फाइली आणि सी लायब्ररी ही संपूर्ण साखळी तपासली जाते. त्यानंतर 'कॉन्फिगर' ही आज्ञावली चालवली जाते. ती प्रणालीतील साधनांची एकेक करून चाचणी घेते आणि सर्व तपशील एका नोंद-फाइलीत लिहिते. पडद्यावरील अखेरचा संदेश अनेकदा मोघम असतो. खरे कारण या नोंद-फाइलीत मिळते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ३२ बिटांच्या हेडर फाइली नसल्याने बांधणी थांबत असेल, तर त्या बसवणे किंवा बहुरचना-सुविधा बंद ठेवणे असे दोन पर्याय उपलब्ध असतात.

== विश्वासाचा प्रश्न ==

सर्व दक्षता घेतल्यानंतरही एक प्रश्न उरतो: ज्या जुन्या संकलकाने नवा बांधला, तो विश्वासार्ह होता कशावरून? केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हा प्रश्न मांडला. संकलकात असा फेरफार करता येतो की, तो प्रवेश-तपासणीच्या आज्ञावलीत छुपा दरवाजा घालेल आणि स्वतःचीच निर्दोष संहिता संकलित करतानाही हा फेरफार पुन्हा त्यात उतरवेल, हे त्यांनी दाखवले. अशा स्थितीत मूळ संहिता कितीही वाचली तरी दोष सापडत नाही.

यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मधील शोधनिबंधात व २००९ मधील प्रबंधात दुहेरी संकलनाची पद्धत विशद केली. तीत एका स्वतंत्र, दुसऱ्या घराण्यातील संकलकाने तीच संहिता बांधून, त्या फलिताने ती पुन्हा बांधून, अंतिम फलितांची तुलना केली जाते. जीएनयू गिक्स या प्रकल्पाने २०२३ मध्ये निराळी वाट चोखाळली. अवघ्या ३५७ बाइटच्या आणि मानवाला तपासता येईल अशा बीज-आज्ञावलीपासून आरंभ करून, पायरीपायरीने जीसीसीपर्यंत पोहोचणारी साखळी त्याने उपलब्ध केली.

सामान्य वापरकर्त्याला इतक्या मुळाशी जाण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. तथापि कोणत्या संकलकाने, कोणत्या लायब्ररींच्या आधारे आणि कोठून उतरवलेल्या संहितेवरून नवा संकलक बांधला, याची लेखी नोंद ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. पुढे दोष आढळल्यास त्याचा माग काढण्यासाठी आणि दुसऱ्या संगणकावर तीच बांधणी करून फलित ताडून पाहण्यासाठी ही नोंद उपयोगी पडते.

== हेही पहा ==

* संकलक
* लिंकर
* जीएनयू प्रकल्प
* लिनक्स वितरणे
* युनिकोड